चेहऱ्याची सूज उतरली, किडनीतला दाह अजून गेलेला नाही

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून एका भावाचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग देते.

"माझी लहान बहीण २२ वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला जात होती तेव्हा तिची बोटं आणि मनगटं दुखायला लागली, गालांवर लाल चट्टे उठले. गावातल्या डॉक्टरांनी वाताचं दुखणं म्हणून गोळ्या आणि इंजेक्शनं दिली. संक्रांतीनंतर सकाळी उठली की तोंड सुजलेलं दिसायचं, संध्याकाळी पाय भरायचे, लघवीला फेस यायचा. संभाजीनगरला नेलं. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा) १.६ निघालं, लघवीतलं प्रोटीन ३.८, सी-३ कमी, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) पॉझिटिव्ह. किडनीची बायोप्सी केली, त्यात ल्युपस नेफ्रायटिस, क्लास ४ असं आलं. तीन दिवस स्टेरॉइडचं सलाईन दिलं, मग स्टेरॉइडच्या गोळ्या, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू केलं. आता अडीच महिने झाले. क्रिएटिनिन १.० आहे, प्रोटीन १.९. सूज पूर्ण उतरली. पण तिचा चेहरा गोल झाला, मुरूम आले. घरचे म्हणतात, स्टेरॉइडनेच किडन्या जातात, आता बरी आहे तर बंद करा. मामांनी एका वैद्याकडून भस्म आणलं आहे. आई रोज गुळवेलीचा काढा देते, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. आणि डॉक्टर तर प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या देतात! ना जंतू, ना पू, मग किडनीला सूज आलीच कशी? गोळ्या किती दिवस? डायलिसिस लागेल का? तिला एक स्थळ आलं आहे, त्यांना सांगायचं का?"

आधी घाईचं सांगते. डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. भस्म आणि काढा मात्र आजच थांबवा, आणि ते आतापर्यंत किती दिवस दिलं हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना न लाजता सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका. त्यांना ही माहिती हवीच असते.

आता तुमचा मूळ प्रश्न. जंतू नाही तर सूज कशी, याचं उत्तर घरात सगळ्यांना पटलं तर निम्मे वाद तिथेच मिटतील, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

पडून गुडघा फुटला की तो लाल होतो, गरम लागतो, सुजतो, ठणकतो. हे जंतू करत नाहीत, आपलं शरीरच करतं. तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडतात, या पेशी तिखट रसायनं सोडून घाण साफ करतात आणि काम झालं की निघून जातात. यालाच दाह म्हणतात. जखम लहान असेल तर मागे काही राहत नाही. तीच चिघळत राहिली तर मात्र व्रण राहतो, आणि व्रणाच्या जागी पूर्वीची कातडी कधीच येत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण तुमच्या बहिणीचा सगळा उपचार त्यावर उभा आहे.

दाह सुरू करण्याचा हुकूम प्रतिकारशक्ती देते. तो बाहेरच्या शत्रूवर सुटावा अशी योजना असते. ल्युपस या आजारात कुंपणच शेत खातं, आणि त्याने किडनीत दाह झाला की त्याला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए असतो. तो एरवी आत बंद असतो, प्रतिकारशक्तीच्या नजरेस पडत नाही. पेशी मरतात तेव्हा त्यांचा राडारोडा शरीर झटपट उचलून नेतं. ल्युपसच्या रुग्णात ही साफसफाई नीट होत नाही, उघड्यावर पडलेला डीएनए परका समजला जातो आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. तुमच्या बहिणीच्या फाइलमध्ये अँटी-डीएसडीएनए नावाची तपासणी असेल, ती नेमकी याच अँटिबॉडीची. हा आजार होणाऱ्या दर दहांत साधारण नऊ जणी बायका असतात, आणि त्यातही बहुतेक तरुण. त्यात तिची काही चूक नाही, आईच्या सांभाळण्यातही काही उणं राहिलेलं नाही.

चट्टे कापूस वेचायच्या दिवसांत उठले, ही तुम्ही दिलेली माहिती फार बोलकी आहे. कडक उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या पेशी मारतात. म्हणजे आणखी राडारोडा, आणखी उघडा डीएनए, आणखी अँटिबॉडी. उन्हामुळे ल्युपस होतो असं नाही, पण शांत असलेला आजार त्याने पेटू शकतो. आपल्याकडे दिवाळीनंतरही दुपारचं ऊन सोपं नसतं, एप्रिल-मे तर विचारूच नका.

मग किडनीच का? दोन्ही किडन्यांचं वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख गाळण्या असतात. केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचे ते गुंतवळे आहेत. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी त्यातून गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतलं जातं. एवढं रक्त जिथून दाबाने जातं तिथे रक्तात फिरणारे अँटिबॉडीचे पुंजके अडकणारच. काही अँटिबॉडी थेट तिथेच येऊन चिकटतात.

नुसतं अडकून एवढं नुकसान झालं नसतं. नुकसान होतं ते पुढच्या पायरीवर. अँटिबॉडीचा पुंजका दिसला की रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी होतात. सी-३ हे त्यांतलंच एक. ती एकमेकांना जागं करत जातात, त्यांचे तुकडे पडतात आणि हे तुकडे पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडतात. पेशी येतात आणि गुडघ्यावर जे केलं असतं तेच इथे करतात, फरक इतकाच की इथे साफ करायला घाण नाही, समोर आहे ती नाजूक गाळणी. तिच्या भिंतीला भोकं पडतात. प्रोटीन गळायला लागतं, म्हणून लघवीला फेस. लाल पेशीही निसटतात. तुमच्या बहिणीचं सी-३ रक्तात कमी आलं, कारण ते किडनीत खर्च होत होतं. म्हणून पुढच्या रिपोर्टात सी-३ वर चढलेलं दिसलं तर ती चांगली बातमी समजा.

चेहऱ्यावर आणि पायांवर जी सूज तुम्ही पाहिली ती पाण्याची होती. प्रोटीन लघवीतून गेल्यावर आणि किडनीने मीठ धरून ठेवल्यावर पाणी अंगात साचतं. ते औषधांनी काही आठवड्यांत उतरतं. किडनीतला दाह ही वेगळी गोष्ट आहे. तो बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, आणि त्याला शांत व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. घरात जी गल्लत होते आहे ती इथेच. सूज गेली म्हणजे आजार गेला असं सगळे धरून चालले आहेत. लघवी आणि रक्ताचे रिपोर्ट सुधारल्यानंतर काही रुग्णांची पुन्हा बायोप्सी केली जाते, तेव्हाही त्यांतल्या अनेकांच्या किडनीत दाह शिल्लक असल्याचं दिसतं. तुमच्या बहिणीचं प्रोटीन १.९ आहे. निरोगी माणसाच्या लघवीतून ते दिवसाला ०.१५ ग्रॅमच्या आत जातं. म्हणजे गाळणी अजून गळते आहे.

तिचा बायोप्सीचा रिपोर्ट काढून बसा. सोनोग्राफीवर बघत, सुईने किडनीचे दोऱ्यासारखे एक-दोन तुकडे काढलेले असतात. त्यावर खास रंगद्रव्यं घालून विशिष्ट प्रकाशात बघितलं की जिथे अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट साचलं आहे ती जागा हिरवी चमकते. ल्युपसमध्ये आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि सी-३, सी-१क्यू ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं असे पाचही बहुधा एकदम चमकतात, तसं इतर आजारांत सहसा होत नाही. रिपोर्टच्या शेवटी बऱ्याचदा दोन आकडे असतात. एक सक्रियतेचा, २४ पैकी. दुसरा जुनाटपणाचा, १२ पैकी. पहिला म्हणजे चालू असलेला दाह, जो औषधाने विझवता येतो. दुसरा म्हणजे झालेले व्रण, जे कोणत्याही औषधाने मागे फिरत नाहीत. क्रिएटिनिन १.६ वरून १.० आलं याचा अर्थ तिच्या किडनीच्या बिघाडातला मोठा वाटा दाहाचा होता आणि तो वेळेत बराच आवरला. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे दोन आकडे विचारा. 'क्लास ४' ऐकून घाबरून जाण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल. क्लास ४ म्हणजे चौथी स्टेजही नव्हे. निम्म्या किंवा त्याहून जास्त गाळण्यांत दाह आहे, एवढाच त्याचा अर्थ. आजार जोरात होता हे खरं, पण जोरातला दाह औषधाला उत्तरही देतो.

आता गुळवेल. आईची माया मी समजू शकते. कोरोनाच्या काळात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे इतक्या वेळा कानावर पडलं आहे की ती कधी कमी करायला लागते हे कुणाला खरंच वाटत नाही. पण जी प्रतिकारशक्ती किडनीवर उलटली आहे, तिला खुराक कशाला द्यायचा? गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. ती इजा स्वप्रतिकारक आजारासारखीच, म्हणजे शरीराने स्वतःवरच हल्ला केल्यासारखी होती. तुमच्या बहिणीला तर असा आजार आधीपासूनच आहे. निरोगी माणसाने काय घ्यावं हा वाद वेगळा. तिने घेऊ नये यात मला काही शंका नाही.

भस्माचं तर त्याहून स्पष्ट सांगते. अशा अनेक भस्मांत पारा, शिसं असतं. पारा किडनीला नुसता विषासारखा बाधत नाही, तो प्रतिकारशक्तीलाच किडनीच्या गाळणीवर घालू शकतो. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांना २०२३ च्या सुमारास असं दिसलं की गोरं करणाऱ्या क्रीम लावणाऱ्या काही जणांना मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा किडनीचा आजार झाला, आणि त्या क्रीममध्ये पारा होता. वेल्लोरच्या डॉक्टरांनी पारा असलेल्या देशी औषधांनंतर हाच आजार झालेले रुग्ण नोंदवले. क्रीमचा उल्लेख मुद्दाम केला. तुमच्या बहिणीच्या गालांवर चट्टे आहेत, लग्नाचं बोलणं चाललं आहे, कुणीतरी 'हे लाव, डाग जातात' म्हणून एखादी डबी हातात देईलच. बिननावाची, बिनरिपोर्टची कुठलीही क्रीम चेहऱ्याला लागू देऊ नका.

स्टेरॉइडने किडन्या जातात, हे मराठवाड्यात मी प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांकडून ऐकलं आहे. या समजुतीमागे एक कारण आहे. किडनीचा आजार झालेल्यांना स्टेरॉइड देतात, त्यांतल्या काहींची किडनी पुढे निकामी होते, आणि बोट गोळीकडे दाखवलं जातं. प्रत्यक्षात स्टेरॉइड किडनीचा दाह आवरतं. पांढऱ्या पेशींना येणारं बोलावणंच ते बंद करतं. त्याच जातीचं रसायन आपलं शरीर रोज बनवतं, तेही किडनीच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथींमध्ये. औषधातून ते भरपूर मिळायला लागलं की त्या ग्रंथी सुस्तावतात. म्हणूनच अडीच महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर दाह पुन्हा उसळू शकतोच, शिवाय रक्तदाब कोसळणं, उलट्या, गळून पडणं असा वेगळाच धोका उभा राहतो. तो जिवावर बेतू शकतो.

स्टेरॉइडला दुष्परिणाम नाहीत असं मी म्हणणार नाही. चेहरा गोल होतो, भूक खवळते, मुरूम येतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, काहींना मोतीबिंदू होतो. म्हणून तर डॉक्टर त्यासोबत मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी देतात, म्हणजे स्टेरॉइडचा डोस हळूहळू उतरवता येतो. आता बहुतेक ठिकाणी तो काही महिन्यांत दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणायचा प्रयत्न असतो. डोस उतरला की चेहराही पूर्ववत होतो. हे बहिणीला आरशासमोर उभं करून सांगा. २२ वर्षांच्या मुलीला स्वतःचा चेहरा ओळखू येईनासा होणं ही लहान गोष्ट नाही, आणि गोळ्या गुपचूप सोडण्याचं सगळ्यात मोठं कारण बऱ्याचदा हेच असतं. कंबर किंवा जांघेत सतत दुखत असेल, लंगडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी घरात बिचारी कुणाच्या लक्षातही राहत नाही, पण ल्युपसमध्ये ती पाया आहे. तिने आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं आणि ती बहुधा वर्षानुवर्षं चालते. डोळ्यांचा पडदा मात्र सुरुवातीला एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा तपासून घ्यायचा.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल मला फार तळमळीने सांगायचं आहे. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, आयबुप्रोफेन. आपल्याकडे किराणा दुकानातही यांतलं काहीतरी मिळतं, आणि वेचणीच्या, ऊसतोडणीच्या दिवसांत अंग दुखलं की लोक चिवड्यासारखं खातात. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ आखडतात. भर उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या अंगाला ते आणखी बाधतं. शिवाय काहींच्या किडनीत याच गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती भडकते आणि गाळणीभोवतालच्या भागात दाह होतो. ऍसिडिटीच्या गोळ्यांनी आणि काही अँटिबायोटिकनीही तसं होऊ शकतं. तुमच्या बहिणीला यापुढे या वेदनाशामक गोळ्या पूर्ण वर्ज्य. ताप किंवा अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल, आणि तेही डॉक्टरांना कळवून. गावातल्या डॉक्टरांनाही जाऊन सांगा, भांडायला नाही. सांधे दुखतात, गालावर चट्टे आहेत आणि मुलगी तरुण आहे, एवढं दिसलं की थोड्या पैशांत होणारी लघवीची साधी तपासणी आधी करायची, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली तर पुढच्या एखाद्या मुलीचे दोन महिने वाचतील.

गोळ्या किती दिवस? सुरुवातीचा जोरदार उपचार आणि नंतरचा टिकवण्याचा उपचार मिळून किमान तीन वर्षं धरून चला. पहिल्या तीन महिन्यांत प्रोटीन निदान पाव हिश्शाने उतरावं, सहा महिन्यांत निम्म्याने, आणि वर्षभरात ०.५ ते ०.७ च्या खाली यावं अशी अपेक्षा असते. ज्यांचं सुरुवातीला फार जास्त होतं त्यांना थोडा जास्त वेळ लागतो. तुमच्या बहिणीचं अडीच महिन्यांतच निम्मं झालं आहे. ती वाटेवर आहे, आणि म्हणूनच इथे थांबवणं मला फार जिवाला लागेल. रक्त आणि लघवीच्या तपासण्यांसाठी दर वेळी संभाजीनगर गाठायची गरज नसते. तालुक्याला तपासून रिपोर्ट डॉक्टरांना फोनवर पाठवता येतील का ते विचारा. औषधांचा खर्च झेपत नसेल तर गोळ्या अर्ध्या करू नका, आधी जनऔषधी केंद्रात चौकशी करा, आणि भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरात पाळायचं फार काही नाही, पण जे आहे ते कडक. दिवसभराचं मीठ एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, दुकानातला फरसाण बंद आणि येसर आमटीत मीठ बेताचं. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी खुशाल खाऊ द्या. प्रोटीन गळतं म्हणून डबेच्या डबे प्रोटीन पावडर घालू नका. वेचणी, खुरपणी या वर्षी नको. दहा ते चार घरात, बाहेर पडावंच लागलं तर पूर्ण बाह्या, रुमाल आणि सनस्क्रीन. ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना फोन, कारण या गोळ्यांवर साधा संसर्गही झपाट्याने वाढतो. दोन आठवडे खोकला राहिला तर टीबीची तपासणी. कुठलीही लस घेण्याआधी विचारायचं, जिवंत जंतूंच्या लशी तिला चालत नाहीत. घरात रक्तदाब मोजायचं यंत्र आणता आलं तर उत्तम. वाढलेला रक्तदाब किडनीचे व्रण वाढवतो, आणि तो कळत नाही.

बाकीच्या वाचकांनाही थोडं सांगायचं आहे. प्रतिकारशक्तीमुळे होणारी किडनीची इजा म्हणजे फक्त ल्युपस नव्हे. पावसाळ्यात लेकरांच्या अंगावर फोड, खरूज होते, ती चिघळते. तीन ते सहा आठवड्यांनी अचानक लघवी चहासारखी काळपट होते आणि डोळ्यांभोवती सूज येते. घशाच्या संसर्गानंतर हे एक-दोन आठवड्यांत होतं. जंतू त्वचेत किंवा घशात होता, किडनीत नव्हता. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीचे पुंजके किडनीत अडकले. बहुतेक लेकरं यातून पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, म्हणून दवाखाना टाळू नका. याउलट सर्दी-घसा दुखायला लागल्यावर एक-दोन दिवसांतच लाल लघवी होत असेल तर आयजीए नेफ्रोपॅथीचा, म्हणजे आयजीए अँटिबॉडी गाळण्यांत साचून होणाऱ्या आजाराचा, विचार करावा लागतो. आणि ज्यांची लघवी दिवसेंदिवस कमी होते, क्रिएटिनिन आठवड्यागणिक चढतं, त्यांनी मुळीच थांबू नये. काही प्रकारांत दाह इतका जोराचा असतो की काही आठवड्यांत गाळण्या कायमच्या बुजतात.

डायलिसिस लागेल का, याचं छातीठोक उत्तर कुणीच देऊ शकत नाही. एवढं मात्र नक्की सांगते की नीट उपचार घेणाऱ्या ल्युपस नेफ्रायटिसच्या बहुसंख्य रुग्णांना ते लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यात उशिरा पोचलेले, मधेच औषध सोडलेले आणि आजार पुन्हा पुन्हा उसळलेले लोक जास्त असतात. प्रत्येक उसळीत दाह विझतो, पण थोडा व्रण मागे ठेवून जातो.

स्थळाबद्दल. सांगा. लग्नाआधी सांगा, आणि तिच्या संमतीने सांगा. आजार लपवून लग्न झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सासरी कुणाला कळू नये म्हणून गोळ्या उशीखाली, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. वर्षभरात त्या सुजलेल्या चेहऱ्याने परत येतात, कधी पोटात बाळ असताना. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहिला तर बाळात व्यंग येण्याचा मोठा धोका असतो. मूल हवं असेल तर हे औषध किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसरं औषध लावतात. रक्तदाबाच्या आणि प्रोटीन कमी करायच्या काही गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो. हे सगळं ठरवून केलं तर ल्युपस असलेल्या पुष्कळ बायकांना निरोगी मुलं होतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर गरोदरपणातही चालू ठेवतात. पण ठरवून करायला नवऱ्याला आणि सासूला माहीत असायला हवं. जे लोक हे ऐकून मागे फिरतील ते तिच्या गोळ्या कधीच सांभाळणार नव्हते. माझं मत विचाराल तर हे वर्ष स्थळं बघूच नका. स्टेरॉइड उतरू द्या, प्रोटीन खाली येऊ द्या.

तुमच्या पत्रात आई, मामा, शेजारी, डॉक्टर सगळ्यांचं म्हणणं आहे, बहिणीचं नाही. हे उत्तर तिला वाचू द्या. फाइल तिच्या ताब्यात द्या, प्रोटीन, क्रिएटिनिन आणि सी-३ चे आकडे तारखेसकट तिलाच वहीत लिहू द्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांशी आधी तिला बोलू द्या. तिला विचारायच्या गोष्टी असतील. त्यातल्या काही भावासमोर विचारता येणार नाहीत, तेव्हा थोडा वेळ बाहेर बसा.